१३ जुलै १९९७ : हिऱ्यामागची मोकळी जागा

शनिवार, १२ जुलै १९९७. रात्री कोलकात्यात कुणालाही उद्याच्या सामन्याचं विचारलं असतं, तर ईस्ट बंगालचे कट्टर लोक सोडून बहुतेकांनी एकच नाव घेतलं असतं : मोहन बागान. वाद असलाच तर तो किती गोलांनी एवढाच. दुसऱ्या दिवशी, रविवारी, फेडरेशन कप या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ईस्ट बंगाल ४-१ने जिंकलं. बायचुंग भुतियाने तीन गोल केले. सॉल्ट लेकच्या स्टेडियममध्ये १,३१,७८१ प्रेक्षक होते असा आकडा तेव्हापासून सांगितला जातो. भारतात एखाद्या खेळाच्या सामन्याला जमलेल्या सर्वांत मोठ्या गर्दींत तो मोजला जातो.

या सामन्यावर लिहिणारे बहुतेक जण गर्दीपासून सुरुवात करतात आणि हॅट्ट्रिकपाशी थांबतात. मला कुतूहल आहे ते आदल्या रात्रीचं. क्रीडापानावर ‘उद्याचा सामना’ लिहिणं हे माझं वर्षानुवर्षांचं काम. रात्री दहाला पान सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतःचंच हसं झालेलं बघायचं, याची सवय आहे. अंदाज चुकतातच. पण काही वेळा तो चुकण्याचं कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडलेलं असतं आणि तरी कुणाला दिसत नाही. १९९७चा हा सामना त्यातला आहे. त्या रात्री जेवढं माहीत होतं तेवढ्याच सामग्रीवर बरा पूर्वरंग लिहिता आला असता का, हे तपासण्यासाठी हे प्रकरण घेतलं आहे.

वैर कुठून आलं

हा भाग थोडक्यात, कारण तो बऱ्याच जणांना ठाऊक असतो. मोहन बागानची स्थापना १८८९ची. १९११मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून त्यांनी आयएफए शील्ड जिंकली, तेही बहुतेक खेळाडू अनवाणी असताना. तेव्हापासून हा क्लब फक्त क्लब राहिला नाही. ईस्ट बंगालचा जन्म १९२०मधल्या एका रुसव्यातून झाला. मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात जोडाबागान क्लबने शैलेश बोस या पूर्व बंगालच्या खेळाडूला वगळलं, उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी चिडून बाहेर पडले आणि काही दिवसांतच, १ ऑगस्टला, नवा क्लब उभा राहिला. दोघांची पहिली मोठी गाठ २८ मे १९२५ला पडली. ती ईस्ट बंगालने १-०ने जिंकली.

पुढे फाळणी झाली आणि पूर्वेकडून लाखो माणसं घरदार सोडून कोलकात्यात आली. त्यांच्यासाठी ईस्ट बंगाल हे मागे राहिलेल्या गावाचं नाव झालं. मूळचे पश्चिमेकडचे ते ‘घोटी’, पूर्वेकडून आलेले ते ‘बाङाल’. एकाची कोळंबी, दुसऱ्याचा इलिश मासा. जिंकेल त्याच्या मासळीला बाजारात गिऱ्हाईक वाढतं, हा तिथला जुना विनोद आहे आणि तो पूर्ण विनोदही नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर दोन तालमींची गाठ पडते तेव्हा पेठांमध्ये काय वातावरण असतं हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे समजवावं लागणार नाही. मुंबईकरांनाही हे दोन संघ नवे नव्हते. कूपरेजवरच्या रोव्हर्स कपात ते वर्षानुवर्षं यायचे.

पूर्वरंग लिहिणाऱ्याची पहिली अडचण इथेच सुरू होते. इतका इतिहास हाताशी असला की तो लिहिण्याचा मोह होतो. १९२५, मासे, फाळणी यांवर अर्धं पान भरतं. आणि त्यातल्या एकाही गोष्टीवरून उद्या डाव्या बगलेवर कोण मोकळा असेल हे कळत नाही.

हातात काय होतं

आता आदल्या रात्रीच्या टेबलावर बसू.

मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त. स्वतःच्या खर्चाने इंग्लंडला जाऊन प्रशिक्षणाचे धडे घेतलेला, वाचणारा, नवीन करून पाहणारा आणि जिभेवर ताबा नसलेला माणूस. त्या मोसमात त्यांनी संघाला एक नवी रचना दिली होती. बंगालभर ती ‘डायमंड सिस्टीम’ म्हणून गाजली. आकड्यांत ती ३-२-३-२ अशी मांडतात. मागे तीन बचावपटू, त्यांच्यापुढे दोन, मग तीन आणि टोकाला दोन. चार जणांची सरळ बचावफळी हा भारतातल्या क्लबांचा नेहमीचा हिशोब असताना हे धाडसच होतं.

आणि ते चालतही होतं. उपांत्यपूर्व सामन्यात मोहन बागानने गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला ६-० असं धुतलं. चर्चिल म्हणजे काही लिंबूटिंबू नव्हे. सहा गोलांनी शहराला वेड लागलं. पुढे चिमा ओकोरी होता. दोन्ही क्लबांची जर्सी घालून झालेला, अंगापिंडाने दांडगा नायजेरियन, ज्याला गोलसमोरच्या पेटीत चेंडू मिळाला की बचावपटूला देव आठवायचा.

समोर ईस्ट बंगालचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार, १९६२च्या आशियाई सुवर्णविजेत्या संघातले. १९७५च्या शील्ड फायनलमध्ये ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० हरवलं तेव्हा ईस्ट बंगालच्या बाकावर हेच होते. खेळाडूंना पेटवण्याची त्यांची हातोटी ‘व्होकल टॉनिक’ या नावाने प्रसिद्ध होती. आणि त्यांच्याकडे भुतिया होता. सिक्कीमच्या तिनकिताम गावचा, विशी नुकतीच ओलांडलेला. १९९३मध्ये कोवळ्या वयात ईस्ट बंगालमध्ये आला, मध्ये फगवाड्याच्या जेसीटीकडून खेळून पहिली राष्ट्रीय लीग जिंकून गेला, आणि १९९७मध्ये परतला होता.

सामन्याआधीच्या दिवसांत दत्तांनी तोंड सोडलं. भुतियाला ‘चुंगचुंग’, केनियाच्या सॅम्युएल ओमोलोला ‘ऑम्लेट’, त्याच संघातल्या सोसोला ‘शोशा’, म्हणजे बंगालीत काकडी. वर्तमानपत्रांना यापेक्षा काय हवं? गुरुविरुद्ध गुरू, हिरा विरुद्ध टॉनिक, शिव्या विरुद्ध मौन. मी तिथे असतो तर मीही मथळा त्यावरच दिला असता. खोटं कशाला बोला.

एवढ्या माहितीवरून काढलेला निष्कर्ष उघड होता. जो संघ फॉर्मात आहे, ज्याची रचना नवी आहे, ज्याने परवाच सहा गोल केले, तो जिंकेल.

सहा गोल काय सांगतात

इथे मी अडतो. ६-० हा निकाल दोन गोष्टी सांगू शकतो. एक म्हणजे आपली रचना भारी आहे. दुसरी, समोरच्याला ती कशी फोडायची हे त्या दिवशी सुचलं नाही. निकालावरून या दोन्हींत फरक करता येत नाही. तो करायचा तर बघावं लागतं की सहा गोल करणाऱ्या संघाच्या मागच्या भागाची परीक्षा झाली का. समोरचा संघ स्वतःच्या पेटीत कोंडला गेला असेल, तर तुमचे तीन बचावपटू मध्यरेषेजवळ उभे राहून गोल मोजत होते. त्यांच्या पाठीमागची पन्नास यार्ड जमीन कुणी तपासलीच नाही.

हिऱ्याची गंमत अशी की त्याचं बळ आणि त्याचं भोक एकाच ठिकाणी आहे. चेंडू आपल्याकडे असताना सात जण पुढे असतात, पास देणाऱ्याला कायम दोन-तीन वाटा मिळतात, समोरच्याची मधली फळी गोंधळते. चेंडू गेला की त्या सातांना परत पळावं लागतं. तोवर मागे तीनच आहेत. मैदानाची रुंदी सत्तर यार्डांच्या आसपास. तिघांनी ती व्यापायची म्हटली की एक तर ते पसरतात आणि मधे दरी पडते, किंवा मधे गोळा होतात आणि दोन्ही बगला उघड्या पडतात.

त्यात दोन नियम बदललेले होते, आणि मला वाटतं या सामन्याच्या चर्चेत ते कधीच येत नाहीत. १९९०पासून आक्रमक खेळाडू शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत असेल तर तो ऑफसाइड, म्हणजे पास येताना बचावफळीच्या पलीकडे नियमबाह्य उभा, धरला जात नाही. आधी धरला जायचा. म्हणजे बचावफळी मध्यरेषेकडे पुढे सरकवून समोरच्याला ऑफसाइडच्या सापळ्यात पकडणं अर्ध्या पावलाने महाग झालं. दुसरा नियम १९९२चा : सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला पास गोलरक्षकाने हाताने उचलायचा नाही. त्याआधी दमलेला, घाबरलेला बचावपटू वळून गोलरक्षकाकडे चेंडू ढकलायचा आणि सुटायचा. आता तो दरवाजा बंद. तिघांच्या बचावाला या दोन्ही गोष्टी चौघांपेक्षा जास्त जाचतात, कारण चुकीवर पांघरूण घालायला चौथा माणूस नाही.

आता यात भुतिया ठेवून बघा. त्याचा खेळ ताकदीचा नव्हता. पेटीत पाठ लावून उभा राहण्यापेक्षा बचावपटूच्या खांद्याशी रेंगाळायचं, त्याची नजर चेंडूकडे गेली की त्याच क्षणी निसटायचं, हे त्याचं हत्यार. पहिल्या चार-पाच पावलांतला वेग आणि गोलसमोर थंड डोकं. नव्या ऑफसाइड नियमाने दिलेलं अर्धं पाऊल अशाच माणसाच्या कामाचं. देशात त्या वेळी हिऱ्याच्या मागच्या जागेसाठी यापेक्षा योग्य खेळाडू शोधूनही मिळाला नसता.

हे सगळं शनिवारी रात्री माहीत होतं. भुतियाचा खेळ जेसीटीच्या मोसमात देशाने पाहिला होता. रचना तर रोज छापून येत होती. दोन कागद शेजारी ठेवायचे राहिले.

असा लिहायला हवा होता

निकाल माहीत नसल्यासारखं त्या रात्रीचं टिपण मी लिहून पाहिलं. मागाहून शहाणं होण्याचा हा प्रकार आहे हे मान्य, म्हणून निकालाचा आकडा त्यात टाकलेला नाही.

‘उद्या चेंडू जास्त वेळ मोहन बागानकडे राहील. ते बघून फसू नका. ईस्ट बंगालला चेंडू नकोच आहे. त्यांना मोहन बागानने गमावलेला चेंडू हवा आहे, तोही मध्यरेषेच्या आसपास. पहिल्या अर्ध्या तासात मोहन बागानने गोल केला तर ईस्ट बंगालला पुढे यावं लागेल आणि हिऱ्याला हवा तसा सामना मिळेल. उलट ईस्ट बंगालने आधी गोल केला, तर मोहन बागान आणखी माणसं पुढे पाठवेल, कारण ही बाद फेरी आहे, बरोबरीवर कुणालाच घरी जाता येत नाही. प्रत्येक पुढे गेलेल्या माणसामागे भुतियासाठी जागा वाढेल. पहिला गोल या सामन्यात नेहमीपेक्षा दुप्पट किमतीचा आहे. चिमाला रोखणं ईस्ट बंगालला पूर्ण वेळ जमेल असं वाटत नाही. एक गोल तो करेलच. प्रश्न तो कोणत्या वेळी करतो हा आहे.’

आणि खाली एक वेगळी चौकट गर्दीवर. १६ ऑगस्ट १९८०ला ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात चेंगराचेंगरी होऊन १६ माणसं मेली होती. लाखाच्या वर माणसं येणार हे दिसत असताना कुठल्या दाराने आत जायचं, सामना संपल्यावर कसं थांबून बाहेर पडायचं, हे छापणं हा पूर्वरंगाचाच भाग आहे. आम्ही ते शहर आवृत्तीवर ढकलतो आणि शहर आवृत्ती क्रीडापानावर.

रविवारी

पहिला गोल ईस्ट बंगालचा. नझिमुल हकने पूर्वार्धात केला. त्या क्षणी सामना वर लिहिलेल्या दुसऱ्या वाटेने निघाला. मध्यांतरानंतर भुतियाने दुसरा केला. मग चिमाने एक परत केला, २-१. सॉल्ट लेकच्या अर्ध्या भागात पुन्हा जीव आला.

सगळ्या सामन्यात माझ्यासाठी महत्त्वाचा तुकडा आहे तो इथपासूनचा. २-१ असताना, लीगचा सामना असता, तर प्रशिक्षक घड्याळ बघतो, फारच धोका नको म्हणतो, अजून परतीचा सामना आहे म्हणतो. इथे परतीचा सामना नव्हता. मोहन बागानने बरोबरीसाठी सगळं पुढे लोटलं आणि ते बरोबरच होतं. दुसरं काय करणार? पण आता मागे तीनही उरले नाहीत. शेवटच्या टप्प्यात भुतियाने आणखी दोन गोल केले.

त्यामुळे ४-१ हा आकडा मला थोडा फसवा वाटतो. सामना एका गोलाच्या फरकाने चालला होता, बराच वेळ. शेवटचे दोन गोल म्हणजे हरणाऱ्याने भरलेली धोक्याची किंमत. दुसऱ्या दिवशी ‘हिऱ्याचा चक्काचूर’ छापाचं जे काही बोललं गेलं, त्यात याला जागा नव्हती. सहा गोलांवरून रचना थोर ठरवणारे आणि चार गोलांवरून ती टाकाऊ ठरवणारे लोक तेच होते, मधे फक्त काही दिवस गेले होते.

अपमानाची गोष्ट

या सामन्याची लोकप्रिय कहाणी अशी : दत्तांनी टिंगल केली, पीकेंनी तीच टिंगल ड्रेसिंग रूममध्ये टॉनिकासारखी पाजली, चिडलेल्या भुतियाने तीन गोल घालून उत्तर दिलं. ऐकायला झकास. शाळेतल्या पोरांना सांगायलाही बरी.

मला ती पटत नाही, निदान पूर्ण पटत नाही. राग आला म्हणून माणूस जोरात धावतो हे खरं. पण राग आलेला स्ट्रायकर सहसा वाईट खेळतो. घाईत मारतो, ऑफसाइड धावतो, रेफरीशी भांडतो. भुतियाच्या खेळाला लागतं ते नेमकं उलटं : थांबणं, खांद्यावरून बघणं, अर्धं पाऊल राखून ठेवणं. टॉनिकाचा उपयोग झालाच असेल, तर माझ्या मते तो मागच्या फळीला आणि मधल्या फळीला झाला असेल, ज्यांना दीड तास चेंडूशिवाय धावायचं होतं. ते काम कंटाळवाणं असतं, आणि त्याला चीड उपयोगी पडते. ओमोलोला ‘ऑम्लेट’ म्हटलेलं त्यालाही लागलं असेलच की. त्याची हॅट्ट्रिक होत नाही म्हणून त्याची गोष्ट होत नाही.

दत्तांची दुसरी चूक मात्र मी टिंगलीपेक्षा मोठी मानतो. ज्या खेळाडूसाठी आपली रचना सर्वांत उघडी आहे, त्यालाच त्यांनी चेष्टेत काढलं. चेष्टा केलेल्या माणसाचा आपण नीट विचार करत नाही. भुतियामागे एक जण कायम सोडला असता, हिऱ्याचं एक टोक जरा मागे ओढलं असतं, तर काय झालं असतं हे सांगता येत नाही. पण तसं करणं म्हणजे ‘चुंगचुंग’साठी रचना बदलणं, आणि ते जाहीर बोलून बसल्यावर कठीण होतं. टिंगलीने प्रतिस्पर्धी पेटला की नाही कोण जाणे. टिंगल करणारा मात्र स्वतःच्याच शब्दांत अडकला.

त्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये रचनेवर लोक चहाच्या टपरीवर भांडले, कागदावर टिंब काढून एकमेकांना दाखवू लागले, ते या माणसामुळे. त्याआधी चर्चा व्हायची ती कोण खेळणार याची. कोण कुठे उभा राहणार, याची नाही.

पुढे मोहन बागानने दत्तांची साथ सोडली, आणि त्याच मोसमात टी. के. चाथुण्णींच्या हाताखाली १९९७-९८ची राष्ट्रीय लीग जिंकली. हिऱ्याविना. दोन वर्षांनी भुतिया इंग्लंडला बरी क्लबकडे गेला.

आणि तो फेडरेशन कप? उपांत्य सामन्यानंतर कोलकात्यात इलिश शिजला, गुलाल उडाला, आणि ईस्ट बंगाल फायनलमध्ये वास्कोच्या साळगावकरकडून २-१ने हरलं. कप गोव्याला गेला. त्या फायनलचा पूर्वरंग कुणी किती लक्ष देऊन लिहिला असेल, याची मला शंकाच आहे. पान सोडायच्या वेळी सगळे अजून रविवारच्याच गोलांबद्दल बोलत असणार.